मिठाच्या जहाजावरचे मास्तर

आजवर कुणालाही, अगदी बायकोलाही, न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता माझा धीर सुटेल आणि मी नुसत्या गमतीजमती सांगत बसेन. आमच्या कंपनीत नव्याने आलेल्या लोकांना ट्रेनिंग देतात, त्यात एक तास माझा असतो. विषय असा, की वरिष्ठांना 'नाही' कसं म्हणायचं. 'मिठाच्या जहाजावर ज्याने मास्टरला आधीच सावध केलं होतं तो हा इंजिनिअर', अशी माझी ओळख करून देतात. पोरं कौतुकाने बघतात. मी स्लाइड पुढे सरकवतो.

मी त्यांना सावध केलंच नव्हतं. केलं होतं, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, आणि त्यापायी त्यांचं समुद्रावरचं काम गेलं.

आता ते कोण, ते सांगतो.

आमची कंपनी डच. मोठाल्या जहाजांना दोर बांधून ओढणाऱ्या टगबोटी आमच्या, आणि कुठे जहाज वाळूत रुतलं, चिखलात बसलं, खडकावर चढलं की ते सोडवायचं कामही आमचं. अमेरिकेतलं ऑफिस न्यू जर्सीत, बंदराजवळ. मी तिथे हिशेब करतो. अडकलेल्या जहाजातून किती वजन काढलं, कुठली टाकी रिकामी केली, म्हणजे ते सरळ तरंगेल, हे गणित माझं. माझ्या मुलीच्या शाळेत वडिलांच्या कामाबद्दल सांगायचं होतं तेव्हा तिने सांगितलं, "माय डॅड सिट्स इन मड विथ अ लॅपटॉप." चुकीचं काही नव्हतं.

अशा मोहिमेचा जो प्रमुख असतो त्याला सॅल्व्हेज मास्टर म्हणतात. नेदरलँड्सहून आमच्याकडे जे सॅल्व्हेज मास्टर आले, त्यांचं पद मी घरी सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, "म्हणजे मास्तरच की!" झालं, तेव्हापासून आमच्या घरात ते मास्तर. तेही तिला 'मिसेस वहिनी' म्हणायचे, कारण पहिल्यांदा जेवायला आले त्या दिवशी माझे सगळे मित्र तिला वहिनी म्हणत होते, आणि ते तिचं नाव आहे अशी त्यांची खात्री पटली. आम्ही ती कधी मोडली नाही.

माणूस दारात वाकून शिरणारा. केस पांढरे, गाल कायम वाऱ्याने लाल झालेले. हाताला मिळेल ती प्लास्टिकची पिशवी धुऊन वाळत घालायचे. बोटीच्या किचनमध्ये दोरीवर पिशव्या फडफडत असल्या की समजायचं, मास्तर बोटीवर आहेत. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा उघडायचे, प्रत्येकाला एक द्यायचे आणि झाकण लावून टाकायचे. पुन्हा डबा उघडायचा नाही. आमच्याकडे पाहुण्याला ताटातलं संपू न देण्याची रीत, त्यामुळे मला हे पहिल्यांदा फारच लागलं. मग मी घरून चकली न्यायला लागलो. मास्तर चकलीही एकच घ्यायचे, झाकण माझ्याच हातून लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्या तिची आठवण यायला हवी."

ऑफिसला सायकलवरून यायचे. न्यू जर्सीच्या त्या सहापदरी रस्त्याच्या कडेने, पावसात, पिवळा रेनकोट घालून. एकदा पोलिसाने थांबवलं आणि हळू आवाजात, सहानुभूतीने विचारलं, "सर, लायसन्स जप्त झालंय का?" मास्तर म्हणाले, "नाही. तुझं झालंय का? तू गाडीत बसून इतका जाड झालायस." पोलीस हसला म्हणून बरं. मी तिथे असतो तर पळून गेलो असतो.

त्यांचं हे तोंडावर बोलणं सगळ्यांनाच जड जायचं, एक माझी बायको सोडून. पहिल्याच जेवणात तिने भरली वांगी दुसऱ्यांदा वाढायला घेतली तेव्हा मास्तर म्हणाले, "नको. हे मला आवडलं नाही. तो पिवळा भात आवडला, तो दे." माझ्या मित्राने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवेना. बायको मात्र खूश. रात्री म्हणाली, "इतकी वर्षं लोक माझी भरली वांगी छान छान म्हणून खातायत. मला आज कळलं की मसाला करपतोय." पुढे काही नवं केलं की आधी मास्तरांना डबा जायचा. माझ्या मताला घरात फारशी किंमत उरली नाही.

वाढदिवसाला ते ज्याचा वाढदिवस त्याला सोडून बाकीच्यांचंही अभिनंदन करायचे. त्यांच्याकडची पद्धत. बायकोच्या वाढदिवसाला दारात आले, माझा हात हलवला, "तुझ्या बायकोबद्दल अभिनंदन." मुलीला, "आईबद्दल अभिनंदन." शेजारच्या गुजराथी काकूंना, "शेजारणीबद्दल अभिनंदन." काकू लाजल्या. सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर ते संडासात टांगायचे. तेही त्यांच्याकडे म्हणे घरोघर असतं. तिथे रोज जाणं होतंच, म्हणजे कुणाचा दिवस चुकत नाही. आमच्या भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघून तर ते हरखलेच. तारखेखाली चंद्र, पौर्णिमा, अमावस्या, सगळं छापलेलं. भरती-ओहोटीवर जगणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे. बायकोने त्यांना एक दिलं. आठवड्याने माझ्याकडून कळलं की तेही त्यांनी संडासात लावलंय, वर गणपतीचं चित्र. बायकोने फोन लावला. "मास्तर, आत्ताच्या आत्ता काढा." "का? रोज दर्शन होतं." "काढा!" मग ते टगबोटीच्या जेवणाच्या खोलीत गेलं.

त्याच खोलीत मास्तरांची फेरी व्हायची. ही फेरी म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट.

अडकलेलं जहाज ओढायच्या आधी ते सगळ्यांना टेबलाभोवती बसवायचे, दुसऱ्या बोटीवरच्यांना रेडिओवर घ्यायचे, आणि एकेकाला विचारायचे, "ओढायचं?" सर्वांत नव्या माणसाला सर्वांत आधी. मोठ्यांचं ऐकून त्याने मत बदलू नये म्हणून. उत्तर हो किंवा नाही. एकानेही नाही म्हटलं की काम थांबलं. कारण नंतर विचारायचं. एकदा बोटीवरचा स्वयंपाकी नाही म्हणाला. दोन टगबोटी ताणलेल्या दोरांवर उभ्या, भरती चढलेली, आणि हा नाही म्हणतोय! मास्तरांनी सगळं थांबवलं. मग विचारलं, "का?" तो म्हणाला, "गॅसवर सूप आहे. बोटीला धक्का बसला की माझ्या पायावर येईल." सूप उतरवलं, झाकण बांधलं, मग जहाज ओढलं. कुणीतरी हसलं तर मास्तर त्याच्यावर खेकसले, "तो एकटाच नीट बघत होता." पुढे हा नियम त्यांनी भांडून कंपनीच्या पद्धतीत घालायला लावला. फेरी झाल्याशिवाय, आणि शंका मिटल्याशिवाय, ओढायचं नाही.

माझा या फेरीत नेहमी घोळ व्हायचा, तो मानेमुळे. मी हो म्हणताना मान हलते ती आपली हलते तशीच, ना धड उभी ना आडवी. मास्तर वैतागायचे. "मान नको, तोंड! तुम्हा लोकांकडे हो म्हणायच्या इतक्या तऱ्हा आहेत, आणि त्यातल्या निम्म्या म्हणजे नाही." ते माझ्या मानेचा अभ्यास करत होते. ऑफिसात मला काम सांगायचे, मानेकडे बघायचे आणि म्हणायचे, "बरं, शुक्रवारपर्यंत होणार नाही तर." बरोबर असायचं. मला 'नाही' म्हणता यायचं नाही हे खरं. घरी वडिलांना म्हटलं नाही, कॉलेजात सरांना नाही, आणि इथे तर व्हिसावर. ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीमार्फत टाकलेला. नोकरी गेली की मुलीची शाळा, घर, सगळं गुंडाळून परत. मास्तर अधूनमधून विचारायचे, "आलं का तुझं कार्ड?" मी म्हणायचो, येईल.

आणखी एक सांगायला हवं. अडकलेल्या जहाजावर चढले की मास्तर आधी जहाज बघायचे नाहीत. थर्मास घेऊन थेट तिथल्या कॅप्टनच्या केबिनमध्ये जायचे. ज्याचं जहाज रुतलंय तो माणूस जगातला सर्वांत एकटा माणूस असतो, असं ते म्हणायचे. सगळे त्याच्यावर फोनवरून ओरडत असतात. ते त्याला कॉफी ओतून द्यायचे, मुलंबाळं विचारायचे. आम्ही बाहेर पंप घेऊन ताटकळत. मी एकदा म्हटलं, "सर, वेळ जातोय." ते म्हणाले, "जहाज कुठे पळतंय?"

मिठाचं जहाज डेलावेअरच्या खाडीत, चिखलात बसलं. हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात ते जाडं मीठ त्यात भरलेलं. डाव्या अंगाला तडा जाऊन एका कप्प्यात पाणी शिरत होतं, तिथे आम्ही पंप लावले होते. येईल तेवढं पाणी पंप बाहेर फेकत होते. पौर्णिमेची मोठी भरती दुपारी येणार होती; ती हुकली तर थेट अमावस्येची. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मराठी मंडळाचं नाटक. माझी मुलगी पहिल्यांदा स्टेजवर मराठी बोलणार होती. भाजीवालीचा रोल, इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केलेला.

सकाळी बायकोचा फोन आला.

"येतोयस ना उद्या?"

"आज दुपारी जहाज सुटलं की निघतोच."

"कसलं आहे जहाज?"

"मिठाचं. थोडं पाणी शिरलंय, पण पंप चालू आहेत."

"मग वाट कसली बघताय? मीठ विरघळलं की आपोआप हलकं होऊन वर येईल. मी आमटीत टाकते तेव्हा काय होतं?"

मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू थांबलं. माझ्या गणितात त्या कप्प्यातलं मीठ जेवढं भरलं होतं तेवढंच धरलेलं होतं. पण खाडीचं पाणी आत येतंय आणि पंप ते बाहेर काढतायत, म्हणजे पाण्याबरोबर मीठही जात असणार. तेही एकाच अंगाचं. वरून आम्ही बघितलं होतं. वरचा थर पावसाने आणि हवेने दगडासारखा झालेला, अगदी सपाट. खाली पोखरलं गेलं असेल तर दिसणार नव्हतं. तसं असेल तर चिखलातून सुटल्यावर जहाज सरळ राहणार नाही. पण हे सगळं 'असेल तर'. खात्री करायची तर दोराने माणूस आत उतरवायचा, त्यात भरती निघून जायची, म्हणजे अमावस्या. शनिवार बोंबलला. आणि टेबलावर सांगायचं काय? बायको आमटीबद्दल बोलली?

मी स्वतःला समजावलं, की मास्तरांनी आयुष्यभर जहाजं सोडवलीत, त्यांच्या लक्षात आलं नसेल का? नव्हतं आलं. त्यांनी कोळसा, धान्य, गाड्या, एकदा मेंढ्या भरलेलं जहाज सोडवलं होतं. मिठाचं कधी नव्हतं.

मग फेरी. तिच्यात त्या दिवशी सर्वांत नवा मी. "ओढायचं?"

"हो," मी म्हणालो. मानेने तिचं काम केलं.

माझ्यानंतर सगळे हो म्हणाले. गणितवाला हो म्हणतोय तर ते काय म्हणणार.

खोलीतून निघून मिठाच्या जहाजावर चढल्यावर मास्तरांनी मला डेकवर गाठलं. आम्ही दोघंच होतो.

"तोंड हो म्हणालं. मान काय म्हणाली?"

"काही नाही, सर."

"मी बघितलं."

"घरचा विचार करत होतो. उद्या मुलीचं नाटक आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना हे उत्तर पटलं नव्हतं. पण भरती चढत होती.

"काय आहे ती नाटकात?"

"भाजी विकते."

"छान. मग लवकर सोडवू या याला," असं म्हणून त्यांनी जहाजाच्या कठड्यावर थाप मारली.

टगबोटींनी ओढायला सुरुवात केली. जहाज कुरकुरलं, थरथरलं, आणि चिखलातून असं अलगद निघालं की सगळ्यांनी आरोळी ठोकली. थोडा वेळ ते सरळ उभं होतं. मग दमलेली म्हैस बसते तसं ते सावकाश एका अंगावर गेलं, वाहत खाडीच्या मधल्या वाटेत आडवं झालं आणि तिथेच पुन्हा रुतलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझा लॅपटॉप घसरत जाऊन पाण्यात पडला, तेवढंच. पण बंदराकडे जायचा रस्ता आम्ही झाकण लावल्यासारखा बंद केला होता.

उतरत्या डेकवर कठड्याला लटकून मी ओरडलो, "मीठ! खालून विरघळलंय! शंका होतीच!"

"कुणाला?" शेजारी लटकलेल्या मास्तरांनी विचारलं.

"बायकोला. म्हणजे मला. सकाळपासून."

त्यांनी डचमध्ये एक शब्द उच्चारला. मग दोन्ही हात कठड्यावर असतानाच म्हणाले, "मिसेस वहिनीला नोकरी द्यायला पाहिजे."

नाटक अर्थातच हुकलं. मुलीने छान केलं म्हणे. मीठ क्रेनने काढून जहाज सोडवायला अमावस्या उजाडली आणि तोवर बाहेर जहाजांची रांग लागली. त्या सगळ्या दिवसांत मी मास्तरांशी कामापुरतं बोललो. ते रोज थर्मास घेऊन त्या जहाजाच्या कॅप्टनकडे जात होते.

मग चौकशी. आमच्या ऑफिसच्या प्रमुख टेक्सासच्या एक बाई आहेत, मोजकं बोलणाऱ्या. हेड ऑफिसचे लोक स्क्रीनवर. बाईंनी मला विचारलं, "तुमच्या गणितात मीठ विरघळण्याचा विचार होता का?"

मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "त्याला नका विचारू. टेबलावर तो हो म्हणाला, पण नंतर डेकवर येऊन त्याने मला शंका सांगितली. मीठ खालून गेलं असेल, म्हणाला. मी थांबायला हवं होतं. नियम माझाच आहे. मी थांबलो नाही."

बाईंनी मला विचारलं, "असं झालं?"

मी मान हलवली.

अमेरिकन बाई. तिने ती मान हो म्हणून घेतली.

स्वतःचा नियम स्वतःच मोडणाऱ्या माणसाला पुन्हा मोहिमेवर पाठवणं शक्य नव्हतं. त्यांना ऑफिसात टेबल दिलं. मास्तर त्या टेबलाशी थोडे दिवस बसले, पेन्सिलींना टोकं काढली, आणि राजीनामा देऊन परत निघाले. मला पत्र आलं, धाडसाबद्दल कौतुकाचं. पुढे बढती. पुढे कार्डही आलं.

ते जायच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. ते कपड्यांच्या घड्या त्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये भरत होते.

"का सांगितलंत असं?" मी विचारलं.

"तुझं कार्ड यायचंय. माझं पेन्शन आलेलंच आहे."

"पण खोटं होतं ते."

"निम्मं," ते म्हणाले. "तुझी मान बोलली होती. मला तिची भाषा येते. मी वाचली आणि पुढे गेलो, कारण मलाही भरती हुकवायची नव्हती. कुणी सांगितलं, तोंडाने की मानेने, हा तुझा प्रश्न. ऐकलं नाही, हा माझा." मग पिशवीला गाठ मारत म्हणाले, "पण पुढच्या वेळी तोंड वापर. प्रत्येक बोटीवर मी नसेन."

बायकोने त्यांच्यासाठी पिवळा भात दिला होता. त्यांनी तो उभ्या उभ्या सगळा खाल्ला. उद्यासाठी काही न ठेवता खाताना त्यांना मी तेव्हाच पाहिलं. बायकोला मी घरी येऊन एवढंच सांगितलं की मास्तर वय झालं म्हणून परत चालले. तिला अजून तेच माहीत आहे. तिची ती आमटी कुठे जाऊन पोचली, हेही तिला माहीत नाही.

ते आता एका कालव्याच्या काठी राहतात. मुलीच्या वाढदिवसाला फोन करून माझं अभिनंदन करतात. चौकशीचा विषय ते काढत नाहीत, आणि मी काढत नाही.

गेल्या महिन्यात माझा तो तास होता. नव्या बॅचमध्ये नागपूरची एक मुलगी आहे, पहिलीच नोकरी, व्हिसावर. तास संपल्यावर ती मागे थांबली आणि मराठीत म्हणाली, "सर, मला ना, हे जमतच नाही. सीनियरसमोर मी हो म्हणून मोकळी होते. तुम्ही त्या दिवशी नेमकं काय बोललात? म्हणजे एक्झॅक्ट शब्द सांगा ना. मी पाठ करून ठेवीन."

मी म्हणालो, आता आठवत नाही.

ती हिरमुसून गेली.

आमच्या कंपनीत मास्तरांची आठवण आज एकाच गोष्टीसाठी निघते. सांगूनही न ऐकणारा माणूस. हे बाईंसमोर जाऊन खोडून काढणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. त्या दिवशी टेबलावर आणि मग डेकवर, असं त्यांनी मला दोनदा विचारलं आणि मी त्यांना काहीही सांगितलं नाही, एवढंच बोलायचं आहे, आणि तेच त्या नागपूरच्या मुलीलाही सांगायचं आहे. मास्तर हयात आहेत तोवर. मी ते अजून केलेलं नाही.